आमच्या बॅचचं नॉर्मल हृदय

“म्हणा ताई,” मी म्हणालो, “ड्रॉप-आऊट.”

अंबिकाताईंनी माझ्या छातीवरचा प्रोब किंचित कलता केला आणि त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. जेल गार होतं, डोक्यावर पंखा जोरात फिरत होता, आणि शर्ट काढून डाव्या कुशीवर पडून पडून माझा खांदा अवघडला होता.

“परीक्षक एवढा वेळ थांबणार नाहीत. ते विचारतील, वरच्या दोन कप्प्यांमधला पडदा इथे तुटल्यासारखा का दिसतो? तर काय सांगायचं?”

“पडदा इथं सगळ्यात पातळ असतो,” त्या पाठ केल्यासारख्या म्हणाल्या. “प्रोब छातीवर हृदयाच्या टोकाशी असला की आपल्या लहरी पडद्याच्या कडेकडेनं जातात. त्याच्यावर आपटत नाहीत, म्हणून परत येत नाहीत. म्हणून तेवढी जागा काळी दिसते. खरं छिद्र नसतं.”

“आणि त्याला म्हणतात?”

“ड्रॉप-आऊट,” त्या म्हणाल्या. घासात खडा लागल्यावर होतो तसा चेहरा झाला होता.

सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात आम्ही कार्डियाक टेक्नॉलॉजीची पदवी घेत होतो. म्हणजे माझी घेऊन झाली होती आणि मी तिथेच इको विभागात, हृदयाच्या सोनोग्राफीत, ज्युनिअर टेक्निशियन म्हणून लागलो होतो. अंबिका यमूल माझ्याच बॅचच्या. लग्नानंतर काही वर्षांनी पुन्हा शिकायला आलेल्या, आम्हा सगळ्यांपेक्षा मोठ्या, म्हणून सगळ्यांच्या ताई. पूर्व भागात त्यांचं घर, घरात तेलुगू, खालच्या मजल्यावर सासऱ्यांचे टॉवेलचे माग. लेखी परीक्षेत त्या बॅचमध्ये दुसऱ्या आल्या होत्या. प्रॅक्टिकलमध्ये नापास झाल्या.

नापास झाल्या त्या याच काळ्या जागेपायी. परीक्षेला एक धडधाकट वॉर्डबॉय झोपवला होता. ताईंनी प्रोब ठेवला, पडदा तुटलेला दिसला, आणि त्यांनी परीक्षकांना सरळ सांगून टाकलं की याच्या हृदयाला छिद्र आहे. तो बिचारा उठूनच बसला. परीक्षकांनी प्रोब बरगड्यांच्या खाली ठेवायला लावला. तिथून लहरी पडद्यावर सरळ आपटतात. पडदा अखंड होता, कापडाच्या नव्या ताग्यासारखा. निरोगी माणसाला आजारी ठरवणं ही आमच्या धंद्यातली अक्षम्य चूक. तेव्हापासून आमच्या बॅचमधला मुजम्मिल त्यांना ‘छिद्रान्वेषी ताई’ म्हणायचा. त्या हसायच्या, पण डबा खायला आमच्यात बसणं त्यांनी कमी केलं होतं.

आता दुसरी संधी होती, आणि नियमाप्रमाणे शेवटची. ही हुकली की सगळा कोर्स पहिल्यापासून. बार्शीच्या एका हॉस्पिटलात त्यांची जागा ठरलेली होती. तिथल्या डॉक्टरांनी निकालापर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. घरी सासूबाईंनी सांगितलं होतं म्हणे, यंदा झालं तर झालं, नाहीतर पोरीकडे बघ. ताई हे सांगताना सासूबाईंवर चिडलेल्या नव्हत्या. त्यांचं बरोबरच आहे की, म्हणाल्या.

म्हणून परीक्षेआधीचा आठवडाभर मी रोज दुपारी ओपीडी संपली की मागच्या खोलीत शर्ट काढून पडत होतो.

मीच का, ते सांगायला हवं. आमच्या टेंगळे मॅडमचा दंडक होता की विद्यार्थ्यांनी पेशंटवर हात बसवायचा नाही; हात बसवायचा तो एकमेकांवर. इकोचा प्रोब म्हणजे वटवाघळाची युक्ती: आवाज आत सोडायचा आणि परतलेल्या आवाजावरून भिंती कुठे आहेत ते ओळखायचं. मध्ये चरबी किंवा फुप्फुसातली हवा आली की चित्र धुरकट होतं. मी इतका हाडकुळा होतो की माझ्या बरगड्यांमधून हृदय काचेच्या कपाटात ठेवल्यासारखं दिसायचं. नवख्या हातालाही चारही कप्पे मिळायचे. त्यामुळे तिन्ही वर्षं मी बॅचचा मॉडेल होतो, आणि माझ्या मागून आलेल्या बॅचेसचाही. उजवा वरचा कप्पा, उजवा खालचा, डावा वरचा, डावा खालचा, मधल्या झडपा, सगळ्यांनी माझ्यावर गिरवलं. हृदय म्हणजे खरं तर एकमेकांना चिकटलेले दोन पंप आहेत, उजवा फुप्फुसांकडे ढकलणारा आणि डावा सगळ्या शरीराकडे, आणि दोघांमध्ये पडदा असतो म्हणून मळकं आणि स्वच्छ रक्त मिसळत नाही, हे मॅडमनी फळ्यावर शिकवलं. पण डोळ्यांनी पाहिलं ते माझ्या छातीत. नॉर्मल हृदय म्हटलं की आमच्या बॅचमधल्या कुणाच्याही डोळ्यांसमोर माझं हृदय यायचं. मला त्याचा थोडा गर्वही होता. शाळेत पळण्यात कायम शेवटून पहिला, रेल्वे पुलावर सायकल हातात धरून चालत जाणारा मुलगा मी. कशात तरी नमुना ठरलो होतो.

फक्त एका बाबतीत मी निकामी होतो. बरगड्यांखाली पोटात प्रोब दाबला की मला भयंकर गुदगुल्या व्हायच्या. पहिल्याच वर्षी मी हसत लाथ झाडली आणि जेलची बाटली मॅडमच्या साडीवर उपडी केली. मॅडमनी तोडगा काढला: छातीवरच्या खिडक्या, म्हणजे प्रोब टेकवून आत बघायच्या जागा, मल्लिनाथच्या, म्हणजे माझ्या; पोटावरची खिडकी मुजम्मिलची. मुजम्मिलचं पोट पिठाच्या गोळ्यासारखं मऊ होतं आणि तो दाबता दाबता झोपी जायचा. पुढे ही वाटणी कुणी मोडलीच नाही.

त्या दुपारी ड्रॉप-आऊट म्हणून झाल्यावरही ताईंनी प्रोब उचलला नाही.

“मल्लू,” त्या म्हणाल्या, “रागावू नको. तुझ्या या जागेच्या कडा मला बरोबर वाटत नाहीत.”

मी मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं. आमच्याकडे मशीन खाटेच्या डाव्या अंगाला असायचं, त्यामुळे पडल्या पडल्या मलाही दिसायचं. माझं हृदय नेहमीसारखं उघडझाप करत होतं. शेकडो वेळा पाहिलेलं. पडद्याच्या मध्यावर तीच काळी फट, पहिल्या वर्षापासून तिथेच असलेली. मॅडमनी पहिल्याच तासाला या फटीवर बोट ठेवून सांगितलं होतं, ‘हा सापळा आहे, यात पडू नका.’ म्हणजे ड्रॉप-आऊट काय असतं, हेसुद्धा आम्ही माझ्याच हृदयावर शिकलो होतो.

“कडांना काय झालं?”

“विरलेलं कापड कसं असतं, हळूहळू पातळ होत जातं. कुठं संपलं ते कळत नाही. त्या वॉर्डबॉयचं तसं होतं, आता आठवतं मला. आणि फाटलेल्या कापडाची कड जाड होते, वळते. तुझी कड बघ की. केवढी पांढरी दिसती.”

मी त्यांना समजावलं. हे मशीन जुनं, याची ब्राइटनेसची कळ कायम वर अडकलेली, म्हणून सगळंच पांढरं दिसतं. खोटं नव्हतं ते. विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलेल्या त्या मशीनवर रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोयही केव्हाच बंद पडली होती. मग त्यांनी विचारलं, एकदा खालून बघू का? मी होय म्हणालो आणि उताणा झालो, गुडघे वर घेतले. प्रोब बरगडीखाली टेकला मात्र, मी कमरेतून वाकलो. दुसऱ्यांदा प्रयत्न केला तर हसून हसून उचकी लागली. दारात मुजम्मिल चहा घेऊन आला होता. तो म्हणाला, “सोडा की त्याला, ताई. मागच्या वर्षी वॉर्डबॉय, यंदा मल्लू. बार्शीला गेल्यावर अख्ख्या बार्शीला छिद्रं पाडाल.”

ताई हसल्या आणि प्रोब पुसून ठेवला. चहा पिताना मी त्यांना म्हणालो की परीक्षक फक्त छातीवरच्या दोन खिडक्या विचारतात. चार कप्पे नीट दाखवायचे, नावं सांगायची, काळ्या जागेबद्दल विचारलं तर एक शब्द उच्चारायचा, संपलं. मी मुद्दाम स्वतःचं नाव मॉडेल म्हणून दिलं होतं. माझ्यावर कुणीही पास होतं.

“तू आहेस म्हणून धीर आहे,” ताई म्हणाल्या.

परीक्षेला पुण्याहून डॉ. पारसनीस आले होते. उंच, सावकाश बोलणारे, सकाळपासून मुलांची परीक्षा घेऊन कंटाळलेले. परीक्षा मोठ्या खोलीत, चांगल्या मशीनवर होती. टेंगळे मॅडम त्यांच्या शेजारच्या खुर्चीत. ताई आत आल्या तेव्हा कपाळावर घाम होता, पण त्यांनी हात धुतले, माझ्याकडे न बघता जेल घेतलं, आणि एकदा प्रोब टेकल्यावर मात्र त्यांचा हात हलला नाही. पहिली खिडकी सुरेख. झडपा, महारोहिणी, डाव्या कप्प्याची भिंत. पारसनीस सरांनी विचारलं की डाव्या खालच्या कप्प्याची भिंत उजव्यापेक्षा जाड का. ताई म्हणाल्या, उजव्याला शेजारच्या फुप्फुसांपर्यंत रक्त द्यायचं असतं, डाव्याला डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत. सरांनी मान हलवली. मॅडमच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला मला दिसला.

मग दुसरी खिडकी. चारही कप्पे एकदम स्क्रीनवर आले. चांगल्या मशीनवर माझं हृदय मी प्रथमच पाहत होतो, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला ते सुंदर वाटलं. ताईंनी कप्प्यांची नावं घेतली. सरांनी पेनाच्या टोकानं पडद्यावरची काळी फट दाखवली.

“आणि हे?”

मी ताईंकडे पाहून ओठांनी शब्द उच्चारला. त्यांनी मला पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही, वाटलं, विसरल्या.

“सर,” त्या म्हणाल्या, “मी याला ड्रॉप-आऊट म्हणणार नाही.”

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

पारसनीस सर खुर्चीत पुढे सरकले. आवाज चढवला नाही. मागच्या वेळी आपण कशात नापास झालात ते माहीत आहे ना, असं त्यांनी विचारलं. ताई हो म्हणाल्या. मग यंदा तेच पुन्हा सांगताय, ते म्हणाले, विचार करून बोला, मी थांबतो. मला उठून ताईंना गदागदा हलवावंसं वाटत होतं. एक शब्द. एका शब्दावर बार्शी होती, आणि त्या तो गिळून बसल्या होत्या.

“छिद्र आहे असंही म्हणत नाही, सर,” ताई म्हणाल्या. “मागच्या वेळी न बघता म्हणाले होते. या वेळी मला खालून बघू द्या. मग सांगते.”

“प्रश्नात ती खिडकी नाही.”

“माहीत आहे, सर.”

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, हा मुलगा पोटाला हात लावू देत नाही, सर, आम्ही याच्यावर ती खिडकी कधी घेतलीच नाही. आणि हे वाक्य पुरं करता करताच त्यांचा आवाज जरा मंदावला. सरांनी हातानं खूण केली, घ्या.

मी उताणा झालो, गुडघे वर घेतले, आणि नुसत्या कल्पनेनंच माझं पोट लाकडासारखं ताठ झालं. ताई वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “तुझा हात दे.” त्यांनी माझा उजवा पंजा घेतला आणि प्रोब धरलेल्या स्वतःच्या मुठीवर ठेवला. “आता तूच दाब. माझी पोरगी अशीच आहे, औषध चोळू देत नाही. तिचाच हात वर ठेवला की गप पडते.”

मी दाबलं. गुदगुल्या झाल्या नाहीत. पुढे वाचून कळलं, आपल्याच हातानं होणाऱ्या स्पर्शाची मेंदूला आधीच खबर असते, म्हणून स्वतःच स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत. त्या वेळी एवढंच जाणवलं की प्रोब माझ्या बरगड्यांखाली शिरतोय आणि त्याला आत नेणारा हात माझा आहे.

स्क्रीनवर हृदय आडवं आलं. पडदा आता लहरींना अगदी आडवा होता. लहरी चुकवायला त्याला जागाच नव्हती. दोन्ही बाजूंनी तो जाड, स्पष्ट रेघ होऊन येत होता आणि मध्ये थांबत होता. ताईंनी डाव्या हातानं रंगाची कळ दाबली. डाव्या कप्प्यातून उजव्या कप्प्यात, त्या थांबलेल्या जागेतून, लाल धार आली. हृदय आकुंचन पावलं, धार बारीक झाली. सैल झालं, धार पुन्हा रुंदावली.

मीही टेक्निशियन होतो. मला काय दिसतंय ते मला कळत होतं, तरी मी ते दुसऱ्या कुणाच्या हृदयात पाहिल्यासारखं पाहत होतो.

“बोला,” सर म्हणाले. आता त्यांचा आवाज वेगळा होता.

ताईंनी स्क्रीनवरचं चित्र थांबवलं. माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मग सरांकडे वळून विचारलं, “सर, पेशंटसमोर बोलू का?”

कोर्सच्या पहिल्या दिवशी आम्हाला शिकवतात, पेशंटसमोर निदान बोलायचं नाही. ते डॉक्टर सांगतील. परीक्षेत हा नियम लागू नसतो, कारण परीक्षेत पेशंट नसतो, मॉडेल असतो. ताईंच्या त्या एका शब्दानं मी खाटेवरच्या खाटेवर बदललो. माझा हात अजून ताईंच्या मुठीवरच होता. त्यांनी दुसरा हात त्यावर ठेवला.

“नका बोलू,” पारसनीस सर म्हणाले. “मी सांगतो त्याला.”

ते उठून माझ्या डोक्याशी आले, स्टूल ओढून बसले, आणि परीक्षा वगैरे विसरून मला सांगत गेले. जन्माआधी सगळ्यांच्याच हृदयात या जागी एक दार असतं. पोटातल्या बाळाची फुप्फुसं मिटलेली, म्हणून रक्त त्या दारानं परस्पर पलीकडे जातं. पहिल्या श्वासाबरोबर फुप्फुसं उघडतात, डाव्या बाजूचा दाब वाढतो आणि दार लागतं. माझ्या बाबतीत दाराला पुरेशी फळीच नव्हती. तेव्हापासून डावीकडचं स्वच्छ रक्त थोडं थोडं उजवीकडे परत येत होतं आणि उजवी बाजू ते पुन्हा फुप्फुसांकडे ढकलत होती. त्या जास्तीच्या कामानं उजवे कप्पे ताणले गेले होते. जिन्यावर लागणारी धाप, दर हिवाळ्यात छातीत उतरणारी सर्दी, यांचं नाव मी आजवर अशक्तपणा ठेवलं होतं. असंच अजून बरीच वर्षं चाललं असतं, ते म्हणाले, तर फुप्फुसांच्या नळ्या राठ झाल्या असत्या आणि मग हे दार बंद करणंही धोक्याचं ठरलं असतं. आता बंद करता येईल. छाती उघडावी लागणार नाही. मांडीच्या शिरेतून एक दुहेरी चकती घालून.

सरांचं बोलणं चालू असताना टेंगळे मॅडम माझ्या पायाशी उभ्या होत्या. त्यांनी माझा घोटा धरला होता, प्रवासाला निघालेल्या मुलाची आई गाडीची खिडकी धरते तसा.

“उजवा कप्पा मोठा दिसत होता,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “पण आम्ही सगळे त्यालाच नॉर्मल म्हणून बसलो होतो.”

ताई भिंतीशी उभ्या होत्या. आपण पास की नापास हे विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं. सरांनीच आठवण करून दिली की परीक्षा अपुरी आहे. प्रश्न नॉर्मल हृदय दाखवण्याचा होता आणि ते अजून दाखवलेलं नाही. मुजम्मिलला बोलावण्यात आलं. मी त्याच खोलीत खुर्चीवर बसून पाणी पीत राहिलो आणि ताईंनी त्याच्यावर चारही कप्पे दाखवले. चित्र धुरकट होतं, हात थकलेला होता. काळ्या जागेपाशी आल्यावर सरांनी पेन टेकवलं. ताईंनी निरखून पाहिलं, खालच्या खिडकीतून पुन्हा पाहिलं, आणि म्हणाल्या, “हे ड्रॉप-आऊट, सर.”

चार दिवसांनी निकाल लागला. त्या पास झाल्या. बार्शीला पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं.

मी घरी सांगितलं तेव्हा आईनं आधी स्वतःलाच बोल लावला, की लहानपणी तुला खायला घालण्यात कुठे कमी पडले का. तिला पटायला दोन दिवस लागले की हे जेवणाचं काम नव्हे. पटल्यावर तिनं पहिलं काय विचारलं असेल, तर त्या बाई कोण, आणि त्या कधी घरी असतात. ती कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन एकटीच पूर्व भागात जाऊन आली. तिथे दोघी काय बोलल्या ते दोघींनीही मला सांगितलं नाही. डबा परत आला तेव्हा त्यात पूर्णम होते, पुरणाचे तळलेले गोड गोळे.

माझ्या हृदयात ती चकती बसवून आता सात वर्षं झाली. तिच्यावर माझ्याच शरीराचं अस्तर चढलंय. दरवर्षीच्या तपासणीत ती पडद्याचाच भाग असल्यासारखी दिसते. उजवे कप्पे काही महिन्यांतच आकसून आपल्या मापाला आले. रेल्वे पूल मी सायकलवर बसून चढतो. ताईंचे आभार मानायचा मी दोन-तीनदा प्रयत्न केला. एकदा त्या म्हणाल्या, तुझ्यावर रोज दुपारी शिकले नसते तर त्या कडा मला दिसल्या असत्या का? आजही खाटेवर कुणी झोपलं आणि चित्र अगदी स्वच्छ आलं की मी जास्त वेळ बघतो.

पण मला सांगायची आहे ती निकालानंतरची एक सकाळ. चकती बसवायला पुण्याला जायच्या आदल्या आठवड्यातली.

टेंगळे मॅडमनी आमच्या बॅचला आणि आमच्या मागून आलेल्या दोन्ही बॅचेसना स्वतः फोन केले होते. कुणी अक्कलकोटला नोकरीला होतं, कुणी पंढरपूरला, एक जण तर लातूरहून आला. मॅडमनी सगळ्यांना एकच सांगितलं होतं: तुम्ही ज्या हृदयावर नॉर्मल शिकलात ते नॉर्मल नव्हतं, चूक माझी आहे, या आणि पुन्हा शिकून जा. ओपीडी सुरू व्हायच्या आधी सकाळी मोठ्या खोलीत सगळे जमले. मला मॅडमनी आधी बाजूला घेऊन विचारलं होतं, तुझी इच्छा नसेल तर नको. मी म्हणालो, मॅडम, एकदा ते बंद झालं की दाखवता येणार नाही.

आधी मुजम्मिल झोपला. सगळ्यांनी त्याचं हृदय पाहिलं, उजवा कप्पा केवढा असायला हवा ते पाहिलं. तो डोळे मिटून म्हणाला, “बघा बे नीट. इतकी वर्षं खरा नमुना तुम्ही पोटावरूनच बघत होता.”

मग मी. मॅडमनी प्रोब हातात घेतला, क्षणभर थांबल्या, आणि तो अंबिकाताईंपुढे धरला. “तुम्ही दाखवा,” त्या म्हणाल्या. विद्यार्थ्यांना अहो म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

ताईंनी दाखवलं. घाई केली नाही. एकेकाला पुढे बोलावून त्या कडेवर बोट ठेवत होत्या, मग रंग लावत होत्या, आणि प्रत्येक जण आपल्या मनातलं जुनं चित्र पुसून नवं काढत असल्यासारखा डोळे बारीक करून बघत होता. कुणी थट्टा केली नाही. सगळ्यात शेवटी मॅडम स्वतः पुढे आल्या आणि विद्यार्थ्यासारख्या वाकून पाहू लागल्या.

मीही पाहत होतो. ती लाल धार दर ठोक्याला पडद्यापलीकडे येत होती, आणि उजवी बाजू, ताणलेली, आपल्या वाटणीचं आणि वाटणीबाहेरचंही सगळं रक्त उचलून पुढे ढकलत होती. मी झोपलेलो असताना, परीक्षा देत असताना, पुलावर सायकल हातात धरून स्वतःवरच वैतागलेलो असताना, तेवीस वर्षं. तिनं एकही ठोका चुकवला नव्हता. मला तिच्याशी काहीतरी बोलावंसं वाटलं, पण एवढ्या माणसांत काय बोलणार.

सगळे निघाले तसा खोलीत खुर्च्यांचा आवाज झाला. आम्ही टेक्निशियन पेशंटच्या हातात टॉवेल देतो. जेल त्यानं स्वतःच पुसायचं असतं. ताईंनी टॉवेल माझ्या हातात दिला नाही. माझ्या छातीवरचं जेल त्यांनीच पुसलं, बरगड्यांच्या खाचांतलंसुद्धा, सावकाश. मग टॉवेलची घडी केली आणि म्हणाल्या, “ऊठ आता. बाहेर पेशंट बसलेत.”